अमेरिकेत इमिग्रेशनच्या कोठडीत अडकलेल्या घरच्या माणसाशी ठाणे-नवी मुंबईतून संपर्क कसा ठेवायचा

कळव्याच्या किंवा घणसोलीच्या घरात ही बातमी बहुतेक वेळा अर्धवट येते. रूममेटचा व्हॉट्सअॅप येतो, 'त्याला घेऊन गेले', आणि मग तिकडून काहीच कळत नाही. घरचे हवालदिल होतात आणि सुचेल तिथे धावतात. कुणी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या दारात जाऊन उभं राहतं, कुणी व्हिसा करून देणाऱ्या एजंटला गाठतं. दोन्हीकडे वेळ जातो. बीकेसीतली कचेरी व्हिसाचं आणि अमेरिकन नागरिकांचं काम बघते. अमेरिकेत धरलेल्या भारतीय माणसाची चौकशी तिच्याकडे नसते. एजंटचं म्हणाल, तर त्याला आता स्वतःची मान सोडवायची असते.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. इमिग्रेशनची कोठडी ही शिक्षा नाही. तिथला माणूस कायद्याच्या भाषेत दिवाणी ताब्यात असतो. त्याला फोन करता येतो, पत्र येतं, भेट मिळते, वकील लावता येतो. पण यातलं काहीही त्याला आपोआप मिळत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी बाहेरच्या माणसाला पाठपुरावा करावा लागतो.

आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा

पहिली गोष्ट म्हणजे ए नंबर, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं परदेशी माणसाला देतं तो नोंदणी क्रमांक. इंग्रजी ए आणि त्यापुढे नऊ आकडे. कोठडी, कोर्ट, वकील, पैसे, पत्र, सगळं याच नंबरावर चालतं. आकडे आठच असतील तर सुरुवातीला शून्य लावून नऊ करायचे. कोर्टात हजर राहण्याच्या नोटिशीवर तो छापलेला असतो. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिशावर मिळणाऱ्या ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, काम करणाऱ्या मुलाकडे कामाच्या परवान्याचं कार्ड असतं. त्यावर 'यूएससीआयएस नंबर' म्हणून जो आकडा असतो, तोच त्याचा ए नंबर. त्याने कधीतरी त्या कार्डाचा फोटो घरी पाठवला असेल, तर आईच्या फोनमधली जुनी चॅट शोधा.

दुसरी गोष्ट म्हणजे पासपोर्टवरचं नाव, एकेका अक्षरासकट. आपल्याकडच्या कुटुंबांची पहिली अडचण इथेच होते. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकडचा अधिकारी त्यातलं वडिलांचं नाव कधी ठेवतो, कधी गाळतो. 'चौधरी'ची इंग्रजी स्पेलिंगं निदान चार प्रकारची आहेत. 'विश्वास'मध्ये एका ठिकाणी व्ही असतो, एका ठिकाणी डब्ल्यू. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या मुलीची नोंद माहेरच्या आडनावाने झालेली असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल, तर अमेरिकन व्हिशावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं पडतात आणि सगळं नाव आडनावाच्या जागी जातं. शोधतानाही मग ते तसंच भरून बघावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तिकडचा एक माणूस. मामेभाऊ, कॉलेजमधला मित्र, ऐरोलीच्या जुन्या कंपनीतला सहकारी, कोणीही चालेल. मात्र त्याची स्वतःची कागदपत्रं चोख असावीत आणि त्याच्याकडे अमेरिकेतला फोन नंबर, बँकेचं कार्ड आणि पत्ता असावा. हा माणूस एकच ठेवा. चार नातेवाईक चार बाजूंनी फोन करू लागले की वकील वैतागतो आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. इकडे घरीही एकानेच सूत्रं धरावीत आणि एक वही करावी. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तो काय म्हणाला, हे तिच्यात लिहून ठेवावं.

तो कुठे आहे हे शोधणं

आयसीई, म्हणजे इमिग्रेशनची अंमलबजावणी करणारं खातं, 'ऑनलाइन डिटेनी लोकेटर' नावाची शोधसुविधा चालवतं. ती भारतातून उघडते आणि फुकट आहे. दोन प्रकारे शोधता येतं. एक, ए नंबर आणि जन्माचा देश देऊन. दोन, नाव, आडनाव आणि जन्माचा देश देऊन. पहिला प्रकार भरवशाचा. दुसऱ्यात स्पेलिंग जुळलं नाही तर माणूस आत असूनही 'सापडत नाही' असं उत्तर येतं. म्हणून वर सांगितलेले सगळे पर्याय एकेक करून टाका. वडिलांच्या नावासकट, त्याशिवाय, दोन्ही आडनावांनी. मुलाचा जन्म कुवेत किंवा दुबईचा असेल, तर नागरिकत्व भारताचं असलं तरी देश तोच निवडायचा.

पहिले दोन-तीन दिवस शोध रिकामा येणं नेहमीचं आहे. सीमेवर किंवा विमानतळावर पकडलेला माणूस आधी सीमा सुरक्षा खात्याकडे असतो. त्यांच्या नियमाप्रमाणे साधारण ७२ तासांच्या आत त्याला पुढे पाठवायचं असतं, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. तोवर त्याचा फोनही येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची नोंद या लोकेटरमध्ये दिसतच नाही.

सापडला की पडद्यावर कोठडीचं नाव येतं. त्या नावाचं स्वतंत्र पान आयसीईच्या संकेतस्थळावर असतं. भेटीच्या वेळा, पत्राचा पत्ता, पैसे कोणत्या कंपनीमार्फत भरायचे, फोन कोणत्या कंपनीचा, हे सगळं तिथे मिळतं. ते पान पूर्ण वाचा आणि त्याचा प्रिंट काढून वहीत लावा, कारण एका कोठडीचे नियम दुसरीला लागू होत नाहीत.

आणि लोकेटर रोज बघा. माणसाला रातोरात दुसऱ्या राज्यात हलवतात आणि घरी कळवत नाहीत. न्यू जर्सीत पकडलेला मुलगा आठवड्याने लुइझियानात किंवा टेक्ससमध्ये निघतो. नोंद बदलायलाही एखादा दिवस लागतो. मधल्या काळात तो कुठेच दिसला नाही, तर लगेच वाईट मनात आणू नका.

फोन

घरच्यांच्या जिवाला यातच सगळ्यात जास्त घोर लागतो आणि चुकाही इथेच जास्त होतात, म्हणून हे सविस्तर.

कोठडीतल्या माणसाला बाहेरून फोन लावता येत नाही. फार तर निरोप ठेवता येतो. बोलायचं तर फोन त्यानेच करायचा. पण त्याचा मोबाइल जमा झालेला असतो आणि नंबर कोणाला पाठ असतात? त्याला आठवतो तो बहुधा एखादा लहानपणचा नंबर, बाबांचा जुना, नाहीतर घरचा लँडलाइन. ते सिम चालू ठेवा. रिचार्ज संपू देऊ नका. आईने नुकताच नंबर बदलला असेल तर जुना फोन चार्ज करून उशाशी ठेवा. भारतात फोन लावण्यासाठी त्याला आधी ०११, मग ९१, मग दहा आकडी नंबर फिरवावा लागतो. पहिल्याच पत्रात हे ओळीने लिहून पाठवा, कारण अनेकांना ते ठाऊक नसतं.

फोन वाजतो तेव्हा पडद्यावर अमेरिकेचा अनोळखी नंबर दिसतो. उचलल्यावर माणूस बोलत नाही. इंग्रजीत यंत्राचा आवाज येतो की अमुक कोठडीतल्या व्यक्तीचा कॉल आहे, स्वीकारायचा असेल तर अमुक बटण दाबा. मध्येच दोन सेकंद त्याच्या स्वतःच्या आवाजात त्याचं नाव ऐकू येतं. घरची वडील मंडळी इथेच 'कंपनीचा कॉल' किंवा 'फसवणुकीचा कॉल' म्हणून फोन ठेवून देतात. घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा: अमेरिकेचा नंबर दिसला की ठेवायचा नाही, नाव ऐकायचं, सांगेल ते बटण दाबायचं. फोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करणारी सोय किंवा ट्रूकॉलरचं आपोआप ब्लॉक करणं सुरू असेल, तर ते आजच बंद करा.

वेळेचा हिशेब असा. न्यूयॉर्क, जॉर्जियाकडचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. टेक्सस, लुइझियाना साडेदहा आणि साडेअकरा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. ॲरिझोना मात्र वर्षभर साडेबाराच, कारण तिथे घड्याळ पुढेमागे करत नाहीत. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. टेक्ससमध्ये संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा. म्हणजे त्याचा संध्याकाळचा कॉल नेमका डबे भरायच्या आणि लोकल गाठायच्या घाईत येतो. ठाणे स्टेशनच्या गर्दीत तो घेऊ नका. त्या वेळी घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर त्याला द्या.

मिनिटं थोडी असतात आणि कॉल अचानक तुटतो. पहिल्या कॉलमध्ये रडणं आवरणं कठीण, पण आधी हे विचारून घ्या: ए नंबर काय, कोठडी कोणती, कोर्टाची तारीख मिळाली का, कशावर सही केलीस का, औषध मिळतंय का. मग बाकीचं. तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्यायला लावा. तिकडे ०४/०७ म्हणजे चार जुलै नव्हे, सात एप्रिल.

घरच्यांशी होणारे कॉल रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललं म्हणून कोणाला कळणार नाही असं समजू नका. तो कोणत्या वाटेने गेला, एजंट कोण, किती पैसे दिले, सोबत कोण होतं, यातलं काहीही फोनवर नको. ते फक्त वकिलाशी. तिकडच्या माणसाने आपल्याला कॉन्फरन्समध्ये जोडून घेणंही टाळावं. अनेक कोठड्यांची यंत्रणा तिसरा नंबर जोडला की कॉल तोडते.

व्हिडिओ कॉलची सोय बऱ्याच ठिकाणी टॅबलेटवर असते, पण त्यासाठी कंपनीच्या अॅपवर ओळखपत्राचा फोटो देऊन नोंदणी लागते. काही अॅप भारतीय नंबर किंवा कार्ड घेत नाहीत. कार्डाचं म्हणाल तर आधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहे का ते बघा. आपल्याकडच्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. तरीही पत्त्याची पडताळणी जुळत नाही म्हणून व्यवहार फसतात. त्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा तिकडच्या माणसाच्या कार्डावरून फोनचे आणि आतल्या दुकानाचे पैसे भरावेत आणि आपण त्याचा हिशेब चुकता करावा. पाकिटातून रोख कधीही पाठवू नका.

या काळात फसवणारेही टपलेले असतात. 'तुमच्या मुलाला सोडवतो, लगेच पैसे टाका' असा फोन आला तर त्यालाच ए नंबर विचारा आणि तो लोकेटरवर टाकून बघा. नंबर बरोबर असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रत्यक्ष भेट

ठाण्याहून भेटीसाठी निघणं सहसा शक्य नसतं. व्हिसासाठी थांबावं लागतं आणि तोवर माणूस कुठे असेल सांगता येत नाही. भेट घ्यायची ती तिकडच्या माणसाने. आयसीईच्या २०११ च्या नियमावलीत शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी भेटीची सोय असावी आणि एरवी भेट निदान ३० मिनिटांची असावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्ष वेळा कोठडीच्या पानावर बघायच्या. काही ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, काही ठिकाणी कैद्याने भेटणाऱ्याचं नाव यादीत द्यावं लागतं.

निघायच्या दिवशी सकाळी लोकेटर पुन्हा बघून फोन करायचा. या कोठड्या शहराबाहेर, आडबाजूला असतात. जॉर्जियातल्या लम्पकिन गावची स्टुअर्ट कोठडी अटलांटापासून दोन-सव्वादोन तासांवर, म्हणजे जवळपास ठाण्याहून शिर्डीला जाण्याएवढी दूर. इतकं जाऊन 'काल त्याला हलवलं' हे ऐकणं फार जिव्हारी लागतं.

जाणाऱ्याने फोटो असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र न्यायचं. व्हिशावर असलेल्याने पासपोर्ट न्यावा. ज्याचे स्वतःचे कागद डळमळीत आहेत त्याने जाऊ नये, कितीही जवळचा असला तरी. तासभर आधी पोहोचावं. मोबाइल, पाकीट, बॅग लॉकरमध्ये किंवा गाडीत. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. बायकांनी मंगळसूत्र, जोडवी, धातूच्या बांगड्या, तारेची अंतर्वस्त्रं टाळावीत, मेटल डिटेक्टर वाजला की रांग सोडून परत जावं लागतं. लहान मूल नेणार असाल तर त्याचा जन्मदाखला सोबत असावा. डबा, मिठाई, कपडे आत नेता येत नाहीत. भेट काचेपलीकडून आहे की समोरासमोर, हे आधी विचारून ठेवावं, म्हणजे आत गेल्यावर धक्का बसत नाही.

पत्र आणि त्यात काय घालायचं नाही

पत्राला लोक कमी लेखतात, पण हातात धरून पुन्हा पुन्हा वाचता येतं ते पत्रच. पाकिटावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, ए नंबर, कोठडीचा पत्ता आणि मागे तुमचा पूर्ण पत्ता. आत साधा पांढरा कागद, निळी किंवा काळी शाई. स्टेपल, स्टिकर, चमकी, अत्तर नको. मराठीत लिहिलं तर चालतं, तपासणीत वेळ लागू शकतो एवढंच.

आणि एक कळकळीची विनंती. पाकिटात अंगारा, कुंकू, हळद घालू नका. आपल्या दृष्टीने तो देवाचा प्रसाद असतो, पण टपाल उघडणाऱ्या माणसाला दिसते ती अनोळखी पूड, आणि मग चौकशी त्या मुलाचीच होते. राखीही जाणार नाही. तिचा फोटो पाठवा. फोटो किती आणि केवढे चालतात हे कोठडीच्या पानावर असतं.

औषधं

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड असेल तर औषधं इथून पाठवून पोहोचत नाहीत. ठाण्याच्या डॉक्टरकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या: आजार, किती वर्षांपासून, औषध, मात्रा, दिवसातून किती वेळा. औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. 'टेल्मा ४०' तिकडच्या नर्सला कळणार नाही, 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम' कळेल. ही चिठ्ठी स्कॅन करून वकिलामार्फत कोठडीच्या वैद्यकीय विभागाला द्या. शाकाहारी जेवण धर्माच्या कारणाने हवं असेल, तर त्याने स्वतः लेखी अर्ज करायचा. तोंडी सांगून होत नाही.

भारतीय वकिलात, पण आधी एक प्रश्न

तो तिकडे आश्रय मागतोय का? भारतात जिवाला धोका आहे असं त्याचं म्हणणं असेल, तर त्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय भारतीय वकिलातीला काहीही कळवू नका. त्याच्या दाव्याला त्याने धक्का लागू शकतो.

तसं नसेल तर वकिलातीची मदत जरूर घ्या. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. पण भारतीयांच्या बाबतीत अमेरिकेचे अधिकारी आपणहून कळवत नाहीत, त्याने मागणी करावी लागते. फोनवर त्याला एवढं सांगा की 'इंडियन कॉन्सुलेटला कळवा' असं लेखी दे. कोणत्या राज्याला कोणती भारतीय वकिलात, ते असं: टेक्सस, लुइझियानासाठी ह्यूस्टनची; जॉर्जिया, मिसिसिपी, फ्लोरिडासाठी अटलांटाची; न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्कची. इकडून तुम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. २०१५ पासून ते चालू आहे. पासपोर्टची प्रत, ए नंबर, कोठडीचं नाव जोडा आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहा. त्यानंतर प्रत्येक ईमेलच्या विषयात तोच क्रमांक घाला. वकिलात त्याला भेटू शकते, वकिलांची यादी देऊ शकते, प्रवासाचा कागद करून देऊ शकते. ती त्याला सोडवू शकत नाही आणि त्याच्यातर्फे कोर्टात उभी राहत नाही.

आयसीईकडून थेट माहिती हवी असेल, तर त्याची सही असलेला गोपनीयता सोडल्याचा फॉर्म लागतो, ६०-००१ क्रमांकाचा. तो नसेल तर 'माहिती देता येत नाही' एवढंच उत्तर मिळतं.

वकील, कागद आणि सही

इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. कोर्टाच्या खात्याने प्रत्येक राज्यातल्या मोफत वकिलांची यादी ठेवलेली असते, सुरुवात तिथून करा. खासगी वकील घेताना त्याचं नाव त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संस्थेच्या, नोंदीत तपासा आणि फीचा करार लेखी घ्या. 'कन्सल्टंट' म्हणवणारा वकील नसतो. वकिलाने जी-२८ फॉर्म, म्हणजे आपण या माणसाचे वकील आहोत असं कळवणारा कागद, भरला की तो आठवड्याचे सातही दिवस भेटू शकतो आणि त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं जात नाही. फी इथून पाठवायची तर बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-२ फॉर्म द्यावा लागतो, म्हणून शुक्रवारी दुपारी धावपळ करण्यापेक्षा आधीच विचारून ठेवा.

सुनावणीची तारीख ए नंबर टाकून कोर्टाच्या संकेतस्थळावर बघता येते. अमेरिकेतून १ ८०० ८९८ ७१८० या नंबरवरही कळते. न्यायाधीशासमोर दुभाषा फुकट मिळतो. बरीच मुलं संकोचाने 'हिंदी चालेल' म्हणून जातात आणि नेमक्या शब्दाला अडतात. मराठीत विचार करत असेल तर त्याने मराठीच मागावी. जे वाचून समजलं नाही त्यावर सही करायची नाही, हे प्रत्येक कॉलमध्ये सांगा. काही कागदांवर सही म्हणजे सुनावणी सोडून देणं असतं.

इथून लागणारे कागद म्हणजे जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पोलिसांतली तक्रार. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर हवं आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं सहीचं निवेदन हवं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बिनचूक आहे. हे निवेदन नसेल तर कोर्ट कागद बाजूला ठेवू शकतं. अपोस्टीलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, मंत्रालयात खेपा घालण्याआधी वकिलाला विचारा, प्रत्येक कागदाला ते लागत नाही.

परत पाठवलं तर

पासपोर्ट हरवला असेल तर वकिलात आधी नागरिकत्वाची खात्री करते आणि त्यासाठी तुमच्या पोलीस ठाण्यातून घरी चौकशी येऊ शकते. घाबरू नका. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला काढून ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

परत पाठवायच्या सुमाराला त्याचे फोन बंद होतात आणि लोकेटरवर 'ताब्यात नाही' असं दिसतं. विमान मुंबईलाच उतरेल असं धरू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना आणलं ते अमृतसरला, आणि त्यात महाराष्ट्रातलेही होते. विमानातून उतरलेल्या मुलाकडे चालू फोन नसतो, खिशात रुपये नसतात, अंगावरच्या कपड्यांनिशी तो बाहेर येतो. शक्य असेल तर घरातलं कोणी घ्यायला जावं. जोडी दोन कपडे, चप्पल, चार्ज केलेला फोन, थोडी रोकड न्यावी. विमानाचं तिकीट परवडलं नाही तर अमृतसरहून गोल्डन टेंपल मेल बोरिवलीला थांबते, तिथून घोडबंदरमार्गे ठाणं. निघताना त्याला मिळालेला प्रत्येक कागद, अगदी मनगटावरचा पट्टासुद्धा, फेकू देऊ नका. पुढे कधी व्हिसाचा अर्ज करायचा झाला तर वकील आधी तेच मागेल.